प्रवासाचे ऋण

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याला लागून चामराजपेट ही वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ती १८९२ मध्ये आखली गेली. तिच्या कडेने जाणाऱ्या ज्या रस्त्याला पूर्वी अल्बर्ट व्हिक्टर या इंग्रज राजपुत्राचे नाव होते, त्याला आता लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ कन्नडात नेणाऱ्या आलूर वेंकटरावांचे नाव आहे. त्याच रस्त्यावर टिपू सुलतानचा सागवानी महाल उभा आहे. त्याचे बांधकाम हैदरअलीने सुरू केले आणि टिपूने ते १७९१ मध्ये पुरे केले. ‘रश्के जन्नत’, म्हणजे स्वर्गाला हेवा वाटावा असे स्थान, हे त्याचे मूळ नाव. ज्या वर्षी महाल पुरा झाला त्याच वर्षी किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, आणि त्याच सुमारास या परिसराची जी चित्रे काढली गेली ती आजही इतिहासाच्या पुस्तकांतून पुनःपुन्हा छापली जातात. ती काढणारे प्रवासी होते. परंतु ते आले ते तोफांच्या मागून.

चित्रकार आणि प्रवास यांच्या नात्याविषयी जो गोड समज रूढ आहे, त्याची परीक्षा घेण्यास हे ठिकाण म्हणूनच योग्य आहे. समज असा : प्रवास कलावंताला प्रेरणा देतो, नवा प्रदेश, नवा प्रकाश, नवे वेश त्याची दृष्टी विस्तारतात, सबब जो जितका अधिक हिंडला तितका तो समृद्ध. प्रदर्शनांच्या पुस्तिकांतून चित्रकाराने पाहिलेल्या देशांची यादी त्याच्या पदव्यांच्या बरोबरीने दिली जाते. कलाशिबिरांच्या निमंत्रणपत्रिकांतून स्थळाच्या रम्यतेचे वर्णन असते. या समजात अर्धे सत्य आहे आणि अर्ध्या सत्याचा सारा धोकाही आहे. प्रवासाने विषय मिळतात यात शंका नाही. विषय मिळणे म्हणजे दृष्टी मिळणे, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. वस्तुतः प्रवास हे एक ऋण असते. ते कोणाच्या आश्रयाने घेतले, कोणाच्या नावावर मांडले आणि चित्रकाराच्या हाताने ते कसे फेडले, हे प्रश्न टाळून केलेली प्रवासाची स्तुती म्हणजे कर्जालाच उत्पन्न समजण्याचा प्रकार होय.

रॉबर्ट होम हा इंग्रज चित्रकार १७९१ मध्ये मद्रासला उतरला आणि लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर म्हैसूरच्या मुलखात शिरला. ७ मार्च १७९१ रोजी बंगळूरची पेठ पडली आणि २१ मार्चला किल्ला पडला. पेठेवरील हल्ल्यात ठार झालेल्या कर्नल मूरहाउसच्या मृत्यूचे होमने चित्र रंगविले. म्हैसूरची दृश्ये असलेला त्याचा संग्रह १७९४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. याच युद्धात तोफखान्यावरचा लेफ्टनंट जेम्स हंटर यानेही किल्ला, महाल आणि आसपासचा प्रदेश रेखाटला. तो १७९२ मध्ये वारला आणि त्याची चित्रे पुढे लंडनमध्येच छापली गेली. हे युद्ध केवळ इंग्रजांचे होते असे मानून मराठी वाचकाने हात झटकू नयेत. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्यात कॉर्नवॉलिसच्या बाजूने होत्या.

होम व हंटर हे कसबी नव्हते असा येथे आक्षेप नाही. होमने रोम पाहिले होते. हंटरचे जलरंग स्वच्छ आणि प्रसन्न आहेत. आक्षेप निराळा आहे. ज्या प्रवासाने दृष्टी बदलते असे म्हणतात, त्या प्रवासाने या दोघांची दृष्टी काय बदलली? पुढे गडद झाडोरा, मध्ये पडका बुरूज किंवा देऊळ, मागे विरत जाणारा प्रकाश : निसर्गाला अशा चौकटीत बसविण्याची ‘पिक्चरेस्क’ रीत ते विलायतेहून सोबत घेऊन आले होते. तिच्यात सावनदुर्ग बसला, टिपूचा महाल बसला, आणि वेल्स परगण्यातील एखादा पडका मठही तितक्याच सहजतेने बसला असता. प्रदेश नवा होता. पाहणे जुनेच राहिले. जो मुलूख कालपर्यंत लढत होता तो या चित्रांत शांत आणि पाहुण्याची वाट पाहत असलेला दिसतो. जिंकलेल्या भूमीचे सुंदर चित्र हे नेहमीच काही प्रमाणात तिचे मालकीपत्र असते.

त्याच राज्यातील दुसरे चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. श्रीरंगपट्टणच्या दर्यादौलत बागेतील भिंतीवर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचे भव्य भित्तिचित्र आहे. त्यात हैदर व टिपू यांच्याकडून इंग्रज फौजेचा पराभव होतो आहे आणि कर्नल बेली पालखीत बसलेला आहे. येथे एका बिंदूतून पाहणारा प्रेक्षक कल्पिलेला नाही. घोडेस्वारांच्या रांगांवर रांगा भिंतभर पसरतात आणि डोळ्याला भिंतीच्या कडेने चालावे लागते. हेही दरबाराच्या विजयाचे चित्र आहे, निरागस मुळीच नाही. पुढे त्याच्यावर पुनर्रंगणाचे थरही चढले. तथापि हा प्रदेश चौकटीत न बसविताही रंगविता येतो, एवढे ते निःसंशय दाखविते. ज्यांनी ते रंगविले त्यांची नावे मागे उरली नाहीत. होम आणि हंटर यांची नावे मात्र प्रत्येक ग्रंथालयात आहेत. प्रवास केल्यामुळे त्यांची दृष्टी श्रेष्ठ ठरली, असा निष्कर्ष यातून निघत नाही. छापखाना कोणाच्या हाती होता, एवढेच त्यातून कळते.

या चित्रांचा उपयोग नाही असेही म्हणता येणार नाही. थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे १७९२ मध्ये या भागातून गेले. चामराजपेटजवळच्या गवीपुरम येथील गुहामंदिराच्या बांधकामात नंतर काय फेरबदल झाले हे तपासताना अभ्यासकांना त्यांच्याच चित्रांचा आधार घ्यावा लागला. प्रवासी चित्रकाराने ठेवलेली नोंद पुढच्या पिढ्यांच्या कामी येते, हे मान्य केले पाहिजे. पण नोंद आणि कलादृष्टी यांची गल्लत करू नये. दप्तर जतन करण्याजोगे असले म्हणून ते काव्य ठरत नाही.

दोष केवळ परक्या डोळ्याचा असता तर प्रश्न सोपा झाला असता. ज्या चामराजेंद्रांच्या नावाने ही वसाहत आहे, त्यांनी १८८५ मध्ये राजा रविवर्मा यांना म्हैसूरला पाचारण केले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी पौराणिक चित्रे रंगविण्यापूर्वी रविवर्म्यांनी उत्तर हिंदुस्थानात हिंडून नाना प्रांतांतील वेश पाहिले. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, वाद्ये घेऊन बसलेल्या अकरा स्त्रियांचे त्यांचे चित्र सुप्रसिद्ध आहे. प्रत्येकीचा प्रांत तिच्या वस्त्रावरून ओळखू येतो. सगळ्या देशाला एका बैठकीवर आणण्याची ही कल्पना त्या काळी धाडसाची होती आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्या चित्राकडे नीट पाहिले असता ध्यानात येते की, साड्या वेगवेगळ्या असल्या तरी प्रकाश एकच आहे आणि मुखांची घडणही एकाच चित्रशाळेतील आहे. हजारो कोसांचा प्रवास शेवटी वस्त्रांच्या पेटीत मावला. प्रदेशाने चित्रकाराला कापड दिले. त्याची पाहण्याची रीत मात्र त्याने विचलित होऊ दिली नाही.

मग प्रवासाने खरोखर घडलेला हात कोठे सापडतो? त्याचे एक आरंभीचे मराठी उदाहरण पेशवाईतील पुण्याचे आहे. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा चित्रकार रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करीत असे. पेशव्यांच्या गेंड्याचे त्याचे चित्र १७९० चे आहे, म्हणजे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात येण्यापूर्वीचे. पुढे वेल्सच्या हाताखाली तो यथादर्शनाची आणि छायाप्रकाशाची युरोपीय पद्धत शिकला, आणि वेरूळला जाऊन त्याने लेण्यांची रेखाटने केली. तेथे त्याला एक कठीण पेच सोडवायचा होता. कैलास लेणे बांधलेले नाही, खोदलेले आहे. त्याला बाहेरून पाहण्याची अशी जागाच नाही. नव्याने शिकलेली यथादर्शनाची रीत आणि डोंगराच्या पोटात कोरलेली वास्तू यांची सांगड घालताना गंगारामला आपला हात बदलावा लागला. होमला किंवा हंटरला असा हात बदलावा लागला नव्हता.

या श्रमाचे पुढे काय झाले? मॅलेटने वेरूळवर लिहिलेला निबंध ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला आणि त्यातील आकृत्यांना गंगारामच्या रेखाटनांचा आधार होता. वेल्स १७९५ मध्ये वारला. वेरूळच्या लेण्यांचा मोठा चित्रसंग्रह १८०३ मध्ये वेल्सच्या रेखाटनांवरून, थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली लंडनला निघाला. मराठी वाचकाला डॅनियल हे नाव बहुधा परिचित असते, गंगारामचे नसते. प्रवासाच्या प्रेरणेची महती गाणाऱ्यांनी या उदाहरणापाशी क्षणभर थांबावे. एकाच लेण्यापाशी गेलेल्या दोघांपैकी एकाचा प्रवास ‘कलायात्रा’ म्हणून इतिहासात नोंदला जातो आणि दुसऱ्याचा ‘नोकरी’ म्हणून विसरला जातो. पायांखालची वाट एकच होती. दोन्ही प्रवासांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिला गेला.

अजिंठ्याची कथा याच प्रश्नाला आणखी पुढे नेते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना नेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. त्यापूर्वी रॉबर्ट गिल याने केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या; ग्रिफिथ्सच्या चमूच्या अनेक प्रतिकृतीही १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. कित्येक वर्षांचे काम अशा रीतीने सातासमुद्रापलीकडे राख झाले. तरीही तो प्रवास वाया गेला असे म्हणता येत नाही. कारण लेण्यातील अंधारात दिवसच्या दिवस बसून एकाच बोटाच्या वळणाचा माग काढणाऱ्या हाताला जे कळते ते जाळता येत नाही. प्रतिकृती करणे हे आपल्याकडे हलके काम समजले जाते. परंतु दुसऱ्याच्या रेषेच्या गतीने आपला हात चालविणे हाच चित्रकाराचा सर्वांत लांबचा प्रवास असतो.

लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात अजिंठ्याच्या नव्या प्रतिकृतींचे काम हाती घेतले तेव्हा त्यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त यांच्याबरोबर म्हैसूरचा एक तरुणही होता. तो म्हणजे के. वेंकटप्पा (१८८६–१९६५). दरबारी चित्रकारांच्या घराण्यात जन्मलेले वेंकटप्पा म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने कलकत्त्यास अवनींद्रनाथांकडे शिकले आणि पुढे बंगळुरात स्थिरावले. अजिंठ्याहून परतल्यावर त्यांनी अजिंठ्याच्या मुद्रांची दुकानदारी केली नाही. त्यांची कीर्ती आज टिकून आहे ती उटी आणि कोडाईकनाल येथील जलरंगातील निसर्गचित्रांवर. युरोपच्या यात्रेशी तुलना केली तर उटी म्हणजे बंगळूरच्या घराबाहेरचे अंगणच. परंतु तेथील धुक्याचा एकेक पडदा आणि तळ्याच्या पाण्यावर उतरणारा प्रकाश त्यांनी लघुचित्रकाराच्या धीराने टिपला. त्यांच्या नावाचे कलादालन बंगळुरात आहे. ज्यांना प्रवासाची लांबी मोजायची आहे त्यांनी ती तेथे जाऊन मोजावी, कोसांनी नव्हे, कागदावर दिलेल्या रंगाच्या हातांनी.

यावर प्रवासाचे समर्थक दोन नावे हमखास पुढे करतात. पहिले दलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचे. १८३२ मध्ये तो मोरोक्कोला गेला आणि तेथील रंगांनी त्याचे जीवन उजळून गेले, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स घेतले होते आणि दलाक्रवा मोरोक्कोच्या सुलतानाकडे निघालेल्या सरकारी शिष्टमंडळाबरोबर गेला होता, ही माहिती त्याच वाक्यात सांगण्याचे सौजन्य क्वचितच दाखविले जाते. दुसरे नाव पॉल क्लेचे. एप्रिल १९१४ मधील ट्युनिसच्या जेमतेम दोन आठवड्यांच्या प्रवासाने क्लेला रंग सापडला. तेव्हा दीर्घ सहवासाची अट कशाला, असा प्रतिप्रश्न केला जातो. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु त्या दोन आठवड्यांमागे रेषा, छटा आणि रंगाचे प्रश्न यांच्याशी झुंजण्यात गेलेली वर्षानुवर्षे होती. दार ट्युनिसमध्ये उघडले असेल, पण क्ले ते कितीतरी वर्षे ठोठावीत होता. ज्याने काहीच ठोठावले नाही त्याला ट्युनिसला नेऊन सोडले तर तो उंटाचे चित्र काढून परत येईल.

स्वातंत्र्योत्तर मराठी चित्रकलेतून याचे दाखले देता येतात. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याइतका हिंडलेला चित्रकार त्यांच्या पिढीत विरळा. १९३६ पासून काही वर्षे ते काश्मीरच्या पर्यटक कार्यालयात चित्रकार म्हणून नोकरीस होते. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी अमेरिका व युरोप पाहिला. त्यांची स्थळचित्रे विलक्षण सराईत आहेत आणि सराईतपणा हाच त्यांच्यापुढील मोह होता. नयनरम्य दृश्य समोर येताच हात आपोआप चालू लागावा, हे भाग्य वाटले तरी तो सापळा असतो. बेंद्र्यांचे मोठेपण असे की, बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत १९५० ते १९६६ या काळात शिकविताना त्यांनी तो सराईतपणा स्वतःच मोडून पाहिला. १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारे त्यांचे ‘काटा’ हे चित्र कोणत्याही प्रवासाचे वर्णन करीत नाही. पाहिलेल्या सगळ्या जगाचे आकारांत पुनर्गठन करण्याच्या खटपटीतून ते निघाले आहे.

प्रभाकर बरवे १९६१ मध्ये विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत वाराणसीस गेले आणि तेथे सुमारे चार वर्षे राहिले. बनारस म्हटले की घाट, छत्र्या, नावा आणि साधू, हे समीकरण चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केले आहे. बरव्यांनी ते गिरविले नाही. तेथे त्यांना तांत्रिक आकृत्यांची आणि प्रतीकांची ओळख झाली, विणकरांच्या आकृतिबंधांचा रोजचा सहवास मिळाला, आणि त्यातून एका पानाकडे, एका घड्याळाकडे किंवा एका कोऱ्या अवकाशाकडे पाहण्याची त्यांची रीत हळूहळू तयार झाली. १९९० मधील ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक वाचणाऱ्याला ही रीत किती सावकाश घडली हे उमगते. वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. त्या शहराची एकही गगनचुंबी इमारत त्यांच्या कॅनव्हासवर उभी राहिली नाही. तेथून परतल्यावर त्यांची चित्रे अधिकच शांत झाली. प्रवासाने त्यांना दृश्य दिले नाही. जे अनावश्यक आहे ते सोडण्याचा निर्धार पक्का केला असेल, तर तीच त्याची देणगी.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वेंकटप्पा, बेंद्रे, बरवे, गायतोंडे हे सर्व शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा शिष्यवृत्तीवर गेले. म्हणजे त्यांचा प्रवासही कोणाच्या तरी आश्रयानेच झाला. आश्रय घेतल्याने कोणी दोषी ठरत नाही. फरक परतल्यानंतर दिसतो. एकजण पाहिलेले उचलून आणतो. दुसरा पाहिलेल्याने स्वतःला बदलू देतो आणि मग जे काढतो त्यात ते स्थळ ओळखूही येत नाही. पहिल्याच्या चित्रांना ग्राहक लवकर मिळतो, कारण ग्राहकालाही तेच स्थळ ओळखायचे असते. कलेच्या बाजारात ‘बनारस मालिका’ आणि ‘राजस्थान मालिका’ यांना जो भाव येतो त्याचे हे साधे रहस्य आहे.

प्रश्न येथे कलाशिक्षणाचा होतो. कलामहाविद्यालयांच्या अभ्याससहली निघतात. हंपी, बदामी, म्हैसूर, बंगळूर अशी स्थळे दिवसाला दोन-दोन उरकली जातात आणि परतल्यावर स्थळचित्रांची संख्या मोजून गुण दिले जातात. कॅमेरा खिशात आल्यापासून तर चित्र काढण्यापूर्वीच स्थळ टिपून झालेले असते. या सहली बंद कराव्यात असे कोणी म्हणणार नाही; घरी बसून दृष्टी आपोआप खोल होते, हाही एक आळशी समजच आहे. परंतु जी सहल विद्यार्थ्याला एका जागी दोन दिवस बसू देत नाही, जेथे तो जातो तेथील कारागिराचे नाव त्याला विचारू देत नाही, त्याच्याआधी ते स्थळ कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी रंगविले हे त्याला सांगत नाही, ती त्याला रॉबर्ट होमच्याच रांगेत उभा करते. होमकडे निदान त्याचे कसब होते.

चामराजपेटच्या कडेला उभ्या असलेल्या त्या महालात दगडी बैठकींवर रोवलेले सागवानी खांब आहेत, त्यांच्यावर कमानी आहेत आणि भिंतींवर रंगीत फुलांची नक्षी आहे. टिपू १७९९ मध्ये पडल्यावर इंग्रजांनी तेथे कचेरी थाटली आणि ती १८६८ पर्यंत तेथेच होती. हंटरने हा महाल बाहेरून, सौम्य प्रकाशात पाहिला आणि त्याचे देखणे चित्र केले. पुण्याहून किंवा कोल्हापुरातून येणाऱ्या विद्यार्थ्याने ते चित्र अवश्य पाहावे. मग ते मिटून आत जावे आणि एकच खांब निवडून तो कमानीला कसा भिडतो हे जमेपर्यंत काढावे. पहिल्या दिवशी ते जमणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा यावे. त्याच्या सहलीच्या वेळापत्रकात हा दुसरा दिवस आहे की नाही, यावर त्याच्या शिक्षकांची परीक्षा व्हावी.